पंधरा गोळ्यांचा भागाकार

रुग्णालयाच्या संगणक विभागात त्यांना सगळे वहीबाई म्हणत. तिथले प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेले होते, तिची नवी आवृत्ती आली की बाई तिची टिपणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि वहीत उतरवून घेत: काय आलं, काय गेलं, आणि दिसायला तेच राहून आतून काय बदललं. सव्वीस वर्षांत नऊ वह्या भरल्या होत्या.

"आई, ही तुझी भाषा अगदी आत्यासारखी," मुलगी म्हणायची. "दर भेटीला नवा नियम."

"आत्या आधी सांगत नाही. ही सांगते, लोकच वाचत नाहीत."

बाईंना नव्याचं वावडं मुळीच नव्हतं. याद्या हाताळायची सोपी रीत भाषेत आली, तेव्हा चाळीस ओळींचं काम सहा ओळींत बसवून त्यांनीच विभागाला दाखवलं होतं. या वेळची उडी मात्र मोठी होती. जुन्या आवृत्तीची डागडुजी महिनाअखेर बंद होणार, म्हणून औषधखिडकीचा प्रोग्रॅम सोमवारी नव्या आवृत्तीवर जायचा होता. शुक्रवारी सकाळी तरुण विभागप्रमुखानं कागद पुढे केला.

"बाई, सगळ्या चाचण्या पास. तुमची सही तेवढी राहिलीय."

"पंधरा गोळ्या, आजपासून दिवसाला दोन. पुढच्या भेटीची तारीख काढून दाखवा, साहेब."

पडद्यावर आजचा दिवस सोडून आठव्या दिवसाची तारीख आली. बाईंनी जुन्या आवृत्तीवर तेच आकडे घातले. सातवा दिवस.

"एका दिवसाचा तर फरक," तो म्हणाला.

"फिट्सचा रोगी आठव्या दिवशी आला, तर आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे गोळी नसते."

जुनी भाषा पंधराला दोननं भागून सात म्हणायची, वरचा अर्धा सोडून द्यायची. नवी साडेसात म्हणत होती. तारखेला अर्धा दिवस चालेना, प्रोग्रॅम अडला, तेव्हा कुणीतरी जवळचा पूर्ण आकडा घ्यायची ओळ घालून मोकळं झालं होतं. साडेसाताचे आठ झाले आणि गाडी पुढे सरकली.

"ती ओळ माझीच," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हालाच विचारलं."

"पण भाषेनं हे बिघडवून कशाला ठेवलं?"

"बिघडवलं कुठे? साडेसात हेच खरं उत्तर. आपल्याला सात हवे असतील तर तिनं वेगळी खूण दिलीय. भागाकाराला एका तिरक्या रेघेऐवजी दोन." बाईंनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं वाचलं. "अशी अजून किती ठिकाणं असतील?"

"ते मोजल्याशिवाय माझी सही नाही."

दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. भागाकार सापडले सत्तावीस. कुठे अर्धा ठेवायचा, कुठे सोडायचा, हे एकेक करून ठरवलं. नऊ ठिकाणी रेघ दुप्पट झाली, आणि त्याची ती ओळ त्यानं स्वतःच्या हातानं पुसली. पंधरा गोळ्यांची तारीख सातव्या दिवसावर आली. चार वाजून दहा मिनिटांनी बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा बाई," तो म्हणाला. "दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्यांचं एकदा पाहू द्या."

बाईंनी टोपण परत लावलं आणि वाट पाहत बसल्या. वीस गोळ्या, दिवसाला तीन. सहावा दिवस आला. मग त्यांनी सही केली.