इथं आधीपासून कोण आहे?

कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी काका उंबऱ्यावर थांबत. चष्मा कपाळावर चढवत, आत बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवत आणि विचारत, "इथं आधीपासून कोण आहे?" उत्तर मिळाल्याशिवाय पाय आत पडत नसे. न्हाव्याच्या दुकानात तेच, सत्यनारायणाच्या पूजेला तेच. माणसाच्या सवयी हसण्यावारी नेण्यात आपण सगळेच पटाईत असतो. मीही बरीच वर्षं हसलो.

दिल्लीला संसदेच्या कचेरीत त्यांची उभी नोकरी झाली. इंग्रजांच्या काळात लागले आणि स्वराज्यात पेन्शनीवर निघाले. डहाणूला परतले ते साठ सालाच्या आसपास. वरोरच्या रस्त्याला त्यांचं वडिलोपार्जित घर होतं, मागे चिकूची वाडी होती. त्या घराच्या ओसरीलगतची खोली मी आधीच भाड्याने घेतलेली. हायस्कुलात गणित शिकवायचो. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असायची. ती मी डहाणू रोड स्टेशनावर घालवायचो. फलाटाच्या टोकाला एक लाकडी बाक होता. तिथे मी, कापडवाले शेठ आणि बुकिंगमधला क्लार्क असे तिघे गाड्या बघत बसायचो. त्यात हे चौथे आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला उठवलं.

"असं कसं कोणीही कुठंही बसतं?" ते म्हणाले. "भिंतीकडची जागा टेकायला बरी. ती सर्वांत ज्येष्ठाची. डहाणूत आधी कोण आलं?"

"अरे साहेब, मी तर इथंच पैदा झालो," शेठ म्हणाले.

"मध्ये कुठं गेला होतात?"

"चार वरस सुरतला. मामाच्या दुकानात."

"मग परत आलात तेव्हापासून धरायचं. खंड पडला की मागचं धरत नाहीत."

अशा हिशेबाने भिंतीकडची जागा बुकिंग क्लार्कला मिळाली. त्याला अजून नीट मिशीही फुटली नव्हती, पण त्याची बदली इथे शेठ सुरतहून परतण्याआधी झाली होती. शेठ दुसरे, मी तिसरा, आणि ते स्वतः नवे म्हणून नळाच्या बाजूला, जिथे शिंतोडे उडत. तिथे ते रुमाल अंथरून आनंदाने बसले. या माणसाचा मला राग आला होता, पण स्वतःलाच शेवटी बसवणाऱ्याशी भांडायचं कसं?

मग रोज संध्याकाळी दिल्ली सुरू व्हायची. सभागृहात वय विचारत नाहीत, संपत्ती विचारत नाहीत, किती शिकलात तेही विचारत नाहीत. तुम्ही त्या दारातून पहिल्यांदा कधी आत आलात आणि मध्ये बाहेर गेलात का, एवढंच बघतात, असं ते सांगत. दोघं एकाच दिवशी आले तर काय, मध्ये पडून पुन्हा निवडून आले तर काय, यावर गाडी निघून जाईपर्यंत बोलत. एक गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज दरवेळी हळू व्हायचा. नवं सभागृह भरलं की पहिल्या दिवशी सर्वांत जुन्या सभासदाला हंगामी अध्यक्ष करतात. तो खुर्चीत बसतो आणि बाकीचे एकेक करून पुढे जाऊन त्याच्यासमोर शपथ घेतात. "किती मोठा पुढारी असो, मास्तर," ते म्हणत, "त्या दिवशी त्या म्हाताऱ्यापुढं जावंच लागतं."

घरात मात्र त्यांची गाठ काकूंशी होती.

काकू लग्न होऊन या घरात आल्या त्या इथून हलल्याच नाहीत. सासूचं आजारपण, वाडी, गडीमाणसं, सगळं त्यांनी पाहिलं. काका दिल्लीहून वर्षातून एकदा येत आणि पाहुण्यासारखे जात. मूलबाळ नव्हतं. ओसरीवर एक झोपाळा होता. त्याच्या खिडकीकडच्या टोकाला समुद्राचा वारा लागे. पेन्शनीत आल्यावर काकांनी ती जागा धरली. घरातले ज्येष्ठ तेच ना!

एके संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या आणि झोपाळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"अहो, तो तुमचा नियम घरात लागतो का?"

"नियम सगळीकडं लागतो."

"मग उठा तिथून."

"का म्हणून? मी याच घरात जन्मलोय."

"जन्मलात, मग गेलात. मधे केवढी वर्षं गेली. मी आले तशी इथंच आहे. तुमची सेवा खंडित, माझी अखंड. विचारा मास्तरांना."

मी चटकन खाली बघितलं. काकांनी झोपाळा पायाने थांबवला. त्यांना राग आला असेल असं वाटलं, पण ते खरोखर विचार करत होते. मग उठले, उशी झटकली आणि खिडकीकडची जागा बायकोला दिली. त्या दिवसापासून त्या घरात चहाचा पहिला पेला काकूंचा. पाहुण्यांसमोरसुद्धा! डहाणूतल्या बायका कितीतरी दिवस काही ना काही निमित्त काढून हे बघायला येत होत्या.

तलासरीची गंमत याच सुमाराची. तिथे वसतिगृहाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि आमचे हेडमास्तर व्यवस्थेत होते. बाहेरून दोन खासदार यायचे होते. दिल्लीचा अनुभवी माणूस म्हणून खुर्च्या लावायचं काम काकांकडे आलं. एक पाहुणे वयस्कर, भारदस्त, खांद्यावर शाल. दुसरे सडपातळ, तरुण. काकांनी मधल्या मोठ्या खुर्चीवर तरुणाला बसवलं.

"मी यांच्या वडिलांच्या वयाचा आहे," वयस्कर पाहुणे म्हणाले.

"वय धरत नाहीत, साहेब. आपण मध्ये एकदा निवडून आला नाहीत. यांना खंड नाही."

बोलणं पार मागच्या रांगेपर्यंत गेलं. तरुण खासदार बिचारे घाईने उठायला लागले, तर काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं. शालवाले पाहुणे न जेवता निघून गेले. परतीच्या एस.टी.त हेडमास्तर माझ्याकडे पाठ करून बसले, जणू खुर्च्या मीच लावल्या होत्या. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "दोघांना एका बाकड्यावर बसवायचं होतं की," त्या म्हणाल्या. काकांना हे मुळीच पटलं नाही.

त्याच हसण्याच्या भरात काकूंनी विचारलं, "आणि वर जायचा नंबर कसा लावतात हो?"

"तिथं वय धरतात," काका ताबडतोब म्हणाले. "मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. माझा नंबर आधी."

"मला सवाष्ण जायचंय."

"ते चालायचं नाही. सगळं क्रमानं."

एवढा नियमाचा माणूस, पण हा एकच नियम त्याने स्वतःच्या सोयीचा केला होता. का, ते मला बाकावर कळलं. त्या दिवशी क्लार्क कामावर होता आणि शेठ आले नव्हते. काका नळाकडे बघत म्हणाले, "मास्तर, एवढी वर्षं मी दिल्लीत खानावळीत जेवलो. घर म्हणजे काय ते आता कुठं कळायला लागलंय. ती आधी गेली तर मी काय करू? चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते तेही मला ठाऊक नाही." मी म्हणालो, डब्याला चिठ्ठी लावा. असली उत्तरं मला झटकन सुचतात.

काकूंचं दुखणं पोटाचं होतं. त्यांनी ते अंगावर काढलं आणि आम्हाला समजलं तेव्हा त्यांच्या साड्या त्यांनाच जड व्हायला लागल्या होत्या. डहाणूच्या डॉक्टरांनी मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवून आणलं. तिथल्यांनी, आता घराजवळच ठेवा, असं सांगितलं. याचा अर्थ मला कळला. काकांनी तो स्वतःला कळू दिला नाही.

दवाखान्यात बायकांच्या खोलीत शिरतानाही ते दारात थांबले. चष्मा वर केला आणि विचारलं, "इथं आधीपासून कोण आहे?" वरोरची एक कोळीण म्हातारी कोपऱ्यातल्या खाटेवरून म्हणाली, "मी हाय, भाऊ. मला इथं लय दिस झाले." काकांनी तिला नमस्कार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. त्यांच्या हिशेबाने म्हातारीचा नंबर आधी होता, मग दाराजवळच्या बाईचा, आणि मग कधीतरी आमच्या काकूंचा.

म्हातारी बरी होऊन घरी गेली. जाताना काकूंच्या उशाशी दोन केळी ठेवून गेली. दाराजवळची बाईही घरी गेली. काकूंच्या नंतर आलेली एक बाळंतीण बाळाला घेऊन हसत गेली. काका प्रत्येकीला दारापर्यंत पोचवायला जायचे आणि परत येऊन स्टुलावर बसायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एके दुपारी डॉक्टर खाट तपासून व्हरांड्यात आले तसे काका त्यांच्या मागे गेले.

"डॉक्टरसाहेब, मी हिच्याहून मोठा आहे."

"हो, काका."

"नऊ वर्षांनी. हिचा नंबर नाही."

डॉक्टर तरुण होते आणि भले होते. त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "काका, इथं तसा काही नियम नाही हो," ते म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. गणिताच्या मास्तराने तरी काहीतरी काढून दाखवावं, अशी ती नजर होती. आयुष्यात इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

काकू सवाष्ण गेल्या. मळवट भरला तेव्हा बायका म्हणाल्या, भाग्याची. काका मागे उभे होते. त्यांना पुढे बोलवावं लागलं.

पुढचे काही आठवडे ते स्टेशनावर फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले. क्लार्कची बदली झाली होती, शेठ भिंतीकडे सरकले होते. आम्ही त्यांच्यासाठी मधली जागा ठेवली होती. ते नळाच्या बाजूला बसले.

"इकडं या ना, साहेब," शेठ म्हणाले.

"नको. मध्ये खंड पडला."

गाडी आली, गेली. शेठ दुकान बंद करायला उठले. काकांनी खिशातून रुमाल काढला, पण अंथरला नाही, हातातच चुरगाळत बसले.

"मास्तर, तिकडं ती आधी गेली. म्हणजे तिकडं ती जुनी. मी जाईन तेव्हा ती खुर्चीत असेल आणि मी शेवटच्या बाकावर."

"मग बरंच आहे की," मी म्हणालो. "शपथ द्यायला तरी ओळखीचं माणूस असेल."

ते हसले नाहीत. "ती गेली आणि मी मागं राहिलो. हा खंड धरतील का हो? धरला तर आधीचं सगळं गेलं. लग्नापासूनचं."

"नाही धरणार, काका."

"तुम्ही कधी सभागृहात गेलाय?"

"नाही."

"मग तुम्हाला काय ठाऊक," ते म्हणाले, पण रागाने नाही. मग मला म्हणाले, चला, चहा करू. मी पत्तीचा डबा शोधलाय.

पुढल्या उन्हाळ्यात तेही गेले. झोपाळ्यावर, बाहेरच्या टोकाला, बसल्या जागी. खिडकीकडची जागा मोकळी होती, उशी नीट झटकलेली. दिवस झाले, नातेवाईक वाडीला कुलूप लावून घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले, आणि मी शाळेतून परत आलो. ओसरी चढलो. दारात पाऊल टाकताना मी थांबलो आणि मला न विचारताच माझ्या तोंडून त्यांचा प्रश्न निघाला.

आत कोणी नव्हतं. त्यांच्या नियमाने त्या घरात आता सर्वांत जुना मी होतो.