अहो, कुशीवर वळा

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. सवतीवर बसला, तोही नाइलाजाने... आणि ती सवत माझं लग्न व्हायच्या आधीच वारलेली होती.

इथे लोक अनुभव लिहितात, ते वाचून हसणाऱ्यातली मी. हा मात्र माझ्याच घरातला, म्हणून लिहिते. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

साल सत्त्याऐंशी. रत्नागिरीत झाडगावात आमचं भाड्याचं घर. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीच्या पायऱ्या उतरून विहीर आणि विहिरीपलीकडे फणसाखाली संडास. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे. हे सरकारी कचेरीत क्लार्क. अंगाने भरलेले, मान आखूड, स्वभावाने गरीब. मी त्यांची दुसरी बायको. पहिली सुलभा, काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला — छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. म्हणाल्या, "ही तुजी थोरली. आदी हिचा मान, मग तुजा."

म्हणजे नवीन साडी आणली की ती आधी टाकाला लावायची, मग मी नेसायची. गोडाधोडाचा पहिला घास तिचा. मी मॅट्रिक झालेली, कमावती बाई... पण नवी नवरी, गप्प बसले. आतून मात्र जळायचे. मेलेल्या बाईवर जळू नये हे कळत होतं, तरी जळायचे. ह्यांच्या पाकिटात तिचा फोटो होता आणि माझा नव्हता, एवढं सांगितलं तरी पुरे.

ह्यांचं घोरणं असं, की मी कानात कापसाचे बोळे घालून झोपायची. शिवाय रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठणं. कडी काढायची, बॅटरी घ्यायची, विहिरीपलीकडे जाऊन यायचं, पुन्हा आडवं व्हायचं. डॉक्टरांनी साखर तपासली, नव्हती. बाकी सगळं ठीक. "संध्याकाळनंतर पाणी कमी प्या," म्हणाले. पाणी तोडलं, उठणं तसंच. दिवसा कचेरीत फायलीवर डोकं टेकून डुलक्या काढायचे, आणि साहेबांची बोलणी खायचे.

एकदा सकाळी मी ड्यूटीवरून आले, चहा केला, तर हे म्हणतात, "माझ्यामुळे तुझीही झोपमोड होते गं."

"माझी? मी तर ढाराढूर झोपते."

"मग हाक कोण मारतं? 'अहो, कुशीवर वळा' म्हणतेस ना? काल तर सारखी म्हणत होतीस. त्यानेच जाग येते, आणि जाग आली की लघवी लागलेली कळते."

काल रात्री मी नाइट ड्यूटीला होते! घरात नव्हतेच.

त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. कप बशीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "सुलू म्हणायची असं..."

सुलू! मला आजवर 'अगं'च्या पुढे हाक नव्हती.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मी सांगत नव्हते? तिचा जीव हाय तेच्यात. तीच उठवतेय तेला."

"मग तिला घालवायचं कसं ते सांगा," मी म्हटलं. विश्वास नव्हताच. पण मत्सर व्हायला विश्वास कुठे लागतो?

मग नाटे गावाजवळच्या ह्यांच्या मूळ गावी जाऊन देवळात गाऱ्हाणं घातलं. नारळ, विडा, सगळं झालं. गुरव म्हणाला, "बा देवा महाराजा, जी बाय ह्या लेकराच्या झोपेत येतेय, तिची वाट तिला दाखव रे महाराजा!" सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

आणि खरंच, त्या रात्रीपासून ह्यांचं उठणं बंद. कडी वाजेना, बॅटरी लागेना. सासूबाई देवाला हात जोडत होत्या, आणि मी अबोलीचा गजरा माळून एक्स्चेंजला जात होते. जिंकले होते ना! सकाळी ह्यांचं डोकं ठणकायचं, चेहरा काळवंडून सुजल्यासारखा दिसायचा, ते मी उन्हावर ढकललं.

मग तो रविवार. दुपारी बांगड्याचं तिखलं-भात जेवून हे पडवीत चटईवर उताणे झोपले. सासूबाई शेजारी गेलेल्या. मी शेजारीच तांदूळ निवडत बसले होते. घोरणं चढत गेलं... आणि मध्येच थांबलं. आधी बरं वाटलं, म्हटलं चला, शांतता. पण ते थांबलं ते थांबलंच. बघते तर पोट वरखाली होतंय, पण नाकातोंडातून वारा नाही. ओठ जांभळे पडायला लागलेले.

"अहो!" म्हणून हलवलं. मग खांदा धरून ओढला, पण एवढ्या वजनाचा माणूस जागचा हलेना. गालावर मारलं. तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं. शेजारी ऐकू जाईल इतकं ओरडले, पण दुपारची वेळ, कुणी आलं नाही. पोटाचं हलणंही मंदावत चाललं. मी पायाशी बसून वेड्यासारखी तळपाय चोळत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुलभाताई, या हो! तुम्ही हाक मारा. माझं नाही ऐकत ते!"

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ताई म्हटलं.

ह्यांच्या खांद्यावरचं बनियन आत दबलं. कुणी पंजा टेकवावा तसं. मी पायाशी होते, माझे दोन्ही हात त्यांच्या तळव्यांवर होते, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. आणि जो माणूस मला तसूभर हलवता आला नव्हता, तो अलगद कुशीवर वळला. मोठ्ठा श्वास घेतला, आणि डोळे मिटलेलेच असताना म्हणाला, "वळलो गं सुलू."

मग डोळे उघडले. मला बघून म्हणतात, "अगं, मी भिजलो कसा?" आणि उठून लघवीला गेले.

मला काही ऐकू आलं नव्हतं. हाक नाही, बांगडी नाही. लाइन जोडून दिली मी, बोलले ते दोघं.

पुढे मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथले डॉक्टर परदेशात शिकून आलेले. त्यांनी ह्यांना रात्रभर तपासणीत ठेवलं आणि मग समजावलं — झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. छातीत आत ओढ बसून हृदयावर ताण येतो, त्याला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून ते मूत्रपिंडाला लघवी जास्त करायला सांगतं. "माणसाला वाटतं लघवीने जाग आली. खरं तर जाग येते श्वास अडल्याने. उताणं झोपलं की हे जास्त." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यांना रात्री कुशीवर कोण वळवत होतं? त्यानेच निभावलंय."

मी म्हटलं, "मी." हे माझ्याकडे बघत राहिले. मला त्या खोट्याचं आजही काही वाटत नाही. टाक मी वागवत होते, साड्या मी उष्ट्या नेसत होते. एवढं तरी माझं असू दे.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, आणि बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घालायला. उताणं झालं की चेंडू रुततो, माणूस आपोआप वळतो. मी सगळ्या बनियनांना खिसे शिवले. काही महिन्यांत रात्रीचं उठणं जवळजवळ थांबलं. हाकही थांबली. लघवीचं कोडं सुटलं, पण खांद्यावरच्या त्या हाताचं अजून सुटलेलं नाही. ह्यांचा डॉक्टर भाचा म्हणतो, मामी, माणूस झोपेत वळतोच. वळत असेल.

पण त्यानंतरच्या गणपतीतली गोष्ट. सकाळी ह्यांचं बनियन धुवायला घेतलं, तर खिसा रिकामा. फाटला नव्हता, एकेक टाका नीट उसवलेला होता. चेंडू सापडला गादीखाली, त्यांच्या बाजूला.

"हे काय?" मी विचारलं.

"टोचतो गं," माझ्याकडे न बघता म्हणाले.

रबराचा चेंडू टोचत नाही. हा माणूस मुद्दाम उताणा झोपला होता. जीव जाईल हे माहीत असून, तिची हाक यावी म्हणून.

आली का, ते मी विचारलं नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मासेमारीची जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणला, आणि चेंडू पुन्हा शिवून टाकला. एकदा नाही, दुहेरी.