कडी न लावलेलं दार

चमत्कारावर माझा विश्वास नाही. वडिलांनी लहानपणापासून शिकवलं, की बौद्धाच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. रोज संध्याकाळी वंदना म्हणायची आणि मन शांत ठेवायचं. पुण्यात आल्यावर तेही राहिलं. खराडीच्या फ्लॅटमध्ये बुद्धमूर्ती शोकेसमध्ये, टीव्हीच्या रिमोटशेजारी, आणि वंदना फक्त नागपूरला माहेरी गेल्यावर. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतो.

माझा राहुल तेव्हा दीड वर्षाचा. त्याला तापात पहिल्यांदा झटका आला तेव्हा हे घरीच होते. आम्ही दोघांनी मिळून सगळं चुकीचं केलं. यांनी दातांत चमचा घातला, मी कांदा फोडून नाकाशी धरला, पोराचा ओठ फुटला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा आपणहून थांबतो. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर सरळ हॉस्पिटल." पुढे कंपनीने यांना अमेरिकेला पाठवलं, आणि त्या सूचना एकट्या माझ्या वाट्याला आल्या.

आमच्या मजल्यावर चार दारं, चारही बंद. समोरच्या काकू मूळच्या नारायण पेठेतल्या. "दाराबाहेर चपलांचं प्रदर्शन आहे का?" हे त्यांचं माझ्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं. मीही काही कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी आणखी एक जोड बाहेर ठेवला. पण राहुलला कणकण आली की मी रात्रभर त्याच्या उशाशी जागायचे, आणि सांगायला कुणी नसायचं. फोनवर हे विचारायचे, "सगळं ठीक ना?" मी म्हणायचे, हो. काय सांगू बाप्पा, तितक्या लांबच्या माणसाला!

त्या दुपारी ताप चढला. अंग पुसायला पाणी भरावं म्हणून नळ सोडला आणि औषध पाजायला राहुलपाशी बसले, नळ तसाच वाहत राहिला. औषध पोटात जातंय तोच त्याचे डोळे वर गेले, हातपाय हिसके देऊ लागले. मी त्याला कुशीवर वळवलं. एवढं जमलं. पुढे नुसती वाट बघायची होती, आणि तेच मला जमेना. हात सारखे त्याला आवळून धरायला धावत होते. घड्याळाकडे पाहिलं तर काटे दिसेचनात, डोळे भरलेले. आयुष्यात इतकी एकटी मी कधी नव्हते.

तेवढ्यात दार ढकलून काकू आत आल्या. कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना कडी लावायची राहिली होती. एरवी मी भरदुपारीही साखळी लावून बसणारी! "अहो, केव्हाचा नळ वाहतोय, पाणी काय फुकट..." म्हणता म्हणता त्यांना राहुल दिसला. मला वाटलं, आता या ओरडतील. मी कसंबसं डॉक्टरांचं सांगणं सांगितलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"घड्याळ मी बघते. तुम्ही त्याच्याकडे बघा."

बस्स. हातांना काही कामच उरलं नाही. ते आपोआप जोडले गेले, आणि तोंडून वडिलांच्या चालीवर त्रिशरण सुरू झालं. मागितलं काहीच नाही. मध्येच हुंदका आला, थांबले, तर काकू घड्याळावरून नजर न हलवता म्हणाल्या, "थांबलात का? म्हणा की." पंचशील संपायच्या आत हिसके मंदावले, थांबले. राहुल रडला. पोराचं रडणं इतकं गोड लागतं, हे मला माहीत नव्हतं!

काकूंनी नळ बंद केला, रिक्षा आणवली, दवाखान्यात सोबत आल्या. डॉक्टरांनी तपासून धीर दिला. परतताना मी विचारलं, "काकू, तुम्ही एवढ्या शांत कशा?"

"शांत कसली डोंबलाची! पाय लटपटायला लागले म्हणून बसले."

झटका आपणहूनच थांबणार होता, हे मला कळतं. पण नेमकी त्याच दुपारी कडी राहून गेली, आणि भांडायला आलेलं माणूस सोबतीला बसलं, याबद्दल आभार कुणाचे मानायचे ते उमजत नाही; म्हणून नुसते हात जोडते. शरण जायचं म्हणजे आधी आवळलेले हात सोडायचे, एवढंच मी शिकले.

राहुलला अजून अधूनमधून ताप येतो. मी औषध पाजते, घड्याळ जवळ घेते आणि दाराची कडी काढून ठेवते. थोड्या वेळाने समोरच्या दाराचीही कडी निघाल्याचा आवाज येतो.