सखूबाईंच्या वतीने

हे मी घरात बोललेलो नाही. ज्या मित्रांबरोबर रोज संध्याकाळी गावाची टिंगल करत बसतो, त्यांच्याजवळही नाही. डायरीत एकदा लिहायला घेतलं होतं — पण तिथेही वाक्यं अशी वळवली, की दोष परिस्थितीचा वाटावा. चांगलं मराठी लिहिता येण्याचा हा एक तोटा. तेव्हा आता साधं सांगतो, जमेल तेवढं.

मी वसमतला राहतो. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आमच्या वसाहतीमागे मोकळं रान होतं, तिथे हळद पॉलिश करायचा कारखाना आला. शिजवून वाळवलेली हळकुंडं मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. साल, मुळ्या, माती निघून जाते आणि माल चकचकीत होतो. निघालेलं जातं कुठे? हवेत. म्हणजे आमच्याकडे. उन्हाळाभर दोरीवरचे कपडे पिवळे, टाकीतल्या पाण्यावर पिवळा थर, सकाळी खाकरलं तर तेही पिवळं. पण तक्रार कशाची करायची? हळद ती. लग्नात अंगाला लावतो, खोकल्याला दुधात घालतो. तिनं माणूस आजारी पडतो असं म्हणायलाच लोक कचरत. शिवाय गाव वाढत होतं. दुकानं आली, ट्रक आले, शेजारच्या दोन घरांतली माणसं त्याच कारखान्यात कामाला लागली. प्रगतीच्या तोंडावर खोकायचं कसं?

सखूबाई राठोड यांचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून. तांड्यावरून इथे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, नवरा एस.टी.त होता, तो गेला, त्या शिवणकाम करून राहतात. पहिल्या हंगामात त्यांना खोकला लागला, दुसऱ्यात धाप. आणखी चार-पाच घरांत तसंच होतं, पण त्यांना सगळ्यांत जास्त. वसाहतीतले सगळे अर्ज मीच लिहितो, तसा हाही लिहिला. सह्या गोळा करायला सखूबाई दारोदार गेल्या — पायऱ्यापायऱ्यांवर बसत. अर्ज उत्तम होता. त्याचीही मला आठवण आहे, बघा.

अर्जावरून पाहणीला प्रदूषण मंडळाचे साहेब यायचे होते त्याच्या आठ दिवस आधी — इथे मी नेहमी विषय बदलतो. कारखान्याच्या शेठनं आमच्या वाचनालयाला नवी खोली बांधून दिली आणि उद्घाटनात माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. असल्या सत्कारांवर मी जन्मभर हसलो आहे. शालींचं पुढे काय होतं यावर माझं एक ठरलेलं भाषणही आहे. त्या दिवशी मात्र फेटा नीट बसावा म्हणून मी मान खाली केली. शेठ माझ्या विद्वत्तेवर दहा मिनिटं बोलला. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं, आणि मला एकही खोटं वाटलं नाही. त्यानं माझ्याकडे काही मागितलं का? नाही. एका शब्दानंही नाही.

साहेब आले तेव्हा ड्रम बंद होते, आवारात पाणी मारलेलं होतं. पंचनाम्याला पंच म्हणून मी उभा होतो. साहेब म्हणाले, ज्यांना त्रास आहे त्यांचं म्हणणं ऐकू. सखूबाई पुढे झाल्या. दोन वाक्यांत त्यांना धाप लागली. त्या माझ्याकडे वळल्या.

"गुर्जी, तुमीच सांगा बराबर. माझा दम तुटून राहिला."

आणि मी सांगितलं. मी म्हणालो — "साहेब, बाईंचा दमा जुना आहे. सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं. तो धुराचा आहे."

खोटं होतं. कारखाना येईपर्यंत ही बाई दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीचा जिना चढत होती. मी रोज पाहत होतो. चुलीच्या धुरानं छाती जाते, हे कुठेतरी वाचलेलं होतं. माझं वाचन कामी आलं ते असं. साहेबांनी लिहून घेतलं. धूळ आढळली नाही, या वाक्याखाली मी सही केली — सुवाच्य. शेठचं लक्षही नव्हतं. तो फोनवर बोलत होता.

सखूबाई पदर सावरून घराकडे वळल्या. मला वाटलं, रागावल्या. महिनेच्या महिने मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं. त्या रागावल्या असत्या तर — नाही, ते वाक्य पुरं करत नाही.

या उन्हाळ्यात त्यांना नांदेडला छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. कागद वाचणारं माणूस हवं म्हणून त्या मलाच घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ धूळ, कारखाना, असं काही आहे का?

"हाय, पर त्याची तकलीफ न्हाई," सखूबाई म्हणाल्या. "माझा चुलीचा हाय. ह्या गुर्जींनी सांगितलं तवा कळलं. लई वाचलेलं माणूस हाय. मायनं लहानपणापासून चुलीपुढं बसवलं. तिला तरी काय ठाव?"

राग नव्हताच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या खोट्यापायी ही बाई मेलेल्या आईला माफ करत बसली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सखूबाईंची फाईल माझ्या मांडीवर होती. खोलीत शेठ नव्हता, साहेब नव्हते, शाल नव्हती. मी मान हलवली — हो म्हणून.

डॉक्टरांनी औषधं दिली आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईंनी परसातली चूल फोडली. गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करत. भिंतीपलीकडे ड्रम फिरत होते. चुलीची माती त्यांनी पाटीत भरली, आणि पाटी उचलवेना तेव्हा मला हाक मारली.

मी गेलो. पाटी उचलली आणि नेऊन टाकली.