अकोल्याला जाणारीची लस

ताईची पाठवणी झाली तेव्हा अंजनगावच्या आमच्या गल्लीत बँड होता, वर ड्रोन होता आणि टेम्पोत प्लॅस्टिक न काढलेला सोफा होता. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी मी निघाले, तेव्हा एक कार, दोन सुटकेस आणि आईने कपड्यांत कोंबलेला ठेचा. ताई सासरी अकोल्याला गेली, मी शिकायला अमेरिकेला. अंतराच्या मानाने रडारड उलटी झाली.

माझ्या विद्यापीठाने आधीच गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा दाखला मागितला होता. घरात कुणाला नवल वाटलं नाही. परदेशाने मागितलं की द्यायचं. अमरावतीच्या दवाखान्यात ताई सोबत आली, कारण तिला पुढे बांगड्या घ्यायच्या होत्या. माझ्या दंडात सुई गेली आणि तिने सहज विचारलं, "मॅडम, हे मीबी घेऊ काय?"

लग्न पंधरवड्यावर आलंय हे कळल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "खरं तर तुम्हीच घ्यायला हवी." रुबेला मोठ्या माणसाला झाला तर थोडं पुरळ, थोडा ताप. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय, कशावरही बेतू शकतं. दिवस गेल्यावर ही लस देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

पुढचे दिवस आमंत्रणांत जाणार, आणि हळद लागली की आमच्याकडे नवरी उंबऱ्याबाहेर पडत नाही. म्हणजे जे काय ते आताच.

आईला फोन लावला. "लग्नाच्या तोंडावर पोरीले सुई टोचली तं लोक म्हणतीन, पोरीत काही खोट हाय." मागून बाबा म्हणाले, "तिले कायले? तिले तं अकोल्यालेच जाचं हाय."

हा तर्क मला अजून कुतूहलाचा वाटतो. परक्या देशाने माझ्यापासून स्वतःला जपलं. जिच्या बाळाची सगळे वाट पाहणार होते, तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ड्रोनवाल्याच्या जेवणाची चर्चा झाली होती.

ताईने होणाऱ्या भाऊजींना फोन केला. दोघं तोवर शेरवानीच्या रंगापलीकडे फारसं बोलले नव्हते. भिंतीकडे तोंड करून तिने 'महिनाभर' पर्यंतचं सगळं सांगितलं. ताईने नंतर सांगितलं, ते म्हणाले, "महिनाच ना? मी तं वर्षभर म्हणनार होतो. थांबा, आई इथंच हाय." आणि त्या भल्या माणसाने फोन सरळ आईच्या हातात दिला.

ताईने घाबरून स्पीकर लावला, मला ऐकवायला. तिने पुन्हा सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "मंग घेऊन टाक ना बाई. मले काहून विचारतं?" मग म्हणाल्या, "आमच्या मोठ्या पोरीच्या लग्नात कोनी सांगतलंच नाई."

ताईने लस घेतली. बांगड्या राहून गेल्या.

यंदाच्या विंटर ब्रेकमध्ये मी जेट लॅगसकट आधी अकोल्याला उतरले, जुन्या शहरात, ताईकडे. अंजनगावला माझ्यासाठी आता नवी चादर काढतात, चहा ट्रेमध्ये येतो. अकोल्यात ताईच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलेलं. सासूबाईंनी मला बॅगही उघडू दिली नाही. "साड्या मंग. पहिले हिले सुई द्यून आन. तुले सगळं मालूम हाय, तूच जाय संगं."

मी नणंदेला घेऊन निघाले. घर म्हणजे काय, यावर परदेशात आम्ही रूममेट्स फार बोलतो. मला सध्या एवढंच कळतं, की जिथे आल्या पावली कामाला धाडतात, तिथे मी पाहुणी नसते.