पक्षाचे झेंडे शिवणारे कासीमभाई

कासीमभाई मुल्लाणींची अन् माझी पहिली ओळख भांडणानंच व्हायची, थोडक्यात चुकली. मी नवी नवरी. आमचे मालक गावातल्या पक्षाच्या शाखेचे अध्यक्ष, त्यामुळं घरात झेंड्यांचा गठ्ठा पडलेला. मला काय म्हाईत? एक बरं कापड बघून मी त्यात भाकरी बांधल्या अन् शेताकडं गेले. इकडं कासीमभाई मोर्चासाठी झेंडे न्यायला आले, तर एक कमी. शिवलेले त्यांनीच, त्यामुळं चुकायची सोय न्हाय. मालकांना घेऊन हुडकत बांधावर आले तवा झेंड्यावर पिठल्याचा डाग पडलेला. मालकांना कुठं तोंड लपवावं कळंना. कासीमभाईंनी खाली बसून एक भाकरी मोडली अन् म्हणाले, "वैनी, आजपतोर ह्यो झेंडा निस्ता हालत हुता. आज पयल्यांदा कामाला आला."

तवापासनं मी त्यांची चेष्टा करत आले अन् ते ऐकून घेत आले.

त्यांचं दुकान म्हंजे चावडीम्होरची एक खोली, एक शिलाई मशीन अन् बसणाऱ्यांसाठी बाकडं. आमच्या पक्षाचा सगळा इतिहास त्या मशीनच्या सुईखालनं गेलाय. सुरवातीचा झेंडा साधा, एका रंगाचा. तवा कुळांच्या जमिनीसाठी, रेशनसाठी मोर्चे निघायचे. पुढारी एस्टीनं यायचे अन् आमच्याच चुलीम्होरं जेवायचे. मग कारखाने आले, दूध संघ आले, पुढारी जीपमधनं उतरायला लागले अन् झेंड्याला किनार आली. पुढं पक्ष फुटला. एका गटानं किनार ठेवली, दुसऱ्यानं काढली. अन् दोन्ही गटांची माणसं एकाच दिवशी झेंडे शिवायला ह्यांच्याच दुकानात. बाकड्याच्या दोन टोकांना बसलेली, तोंडं दोन दिशांना. त्यातल्या एकानं इचारलं, भाई, तुम्ही कुणाच्या बाजूचे? कासीमभाईंनी मान बी वर केली न्हाय. "कापड एकाच ठाणातलं हाय पावणं. फाडलं तुम्ही. मी शिवतोय."

अमावस्येला औतं सुटलेली असत्यात, शेतकाम बंद, म्हणून त्या दिवशी ते दुकानात पोरांना पक्ष समजावून सांगायचे. मी चहा घेऊन गेले की दाराशीच उभी ऱ्हायची. एकदा सांगत हुते, आपला पक्ष मधनं, पण जरा डाव्या अंगानं चालतो. मी म्हटलं, आमचा एक बैल बी तसाच चालायचा, नांगराचं तास कधी सरळ आलं न्हाय. पोरं हसली. कासीमभाई म्हणाले, "तास बैलानं सरळ येत न्हाय वैनी, मागच्या माणसानं येतं. आत येऊन बसा, दारातनं भांडू नगा." त्या दिवसापासनं बायका त्या वर्गात बसायला लागल्या. आधी मी एकटी, मग जैतूनभाभी, म्हंजे त्यांच्या मंडळी, मग निम्मी गल्ली.

आमचे मालक गेले तवा मी कोपरा धरला. तिसऱ्या महिन्यात जैतूनभाभी हिरवं झंपर घेऊन आल्या. कासीमभाईंनी शिवून पाठवलेलं, जुन्या मापानं. मी वाळले हुते, दोन बोटं सैल झालं. मी निरोप धाडला, टेलर म्हातारा झाला, माप चुकाय लागलं. त्यांचा उलटा निरोप आला, माप बरोबर हाय, गिऱ्हाईकानं जेवायला सुरवात करावी. मी झंपर घातलं, अन् जेवले बी.

त्याच महिन्यात नवा अध्यक्ष निवडायला समाजमंदिरात सभा लागली. पाळी कासीमभाईंची, हे सगळ्या गावाला ठाऊक. इतकी वर्षं सतरंजी त्यांनी घातली, भाषणं दुसऱ्यांनी केली. पण कोल्हापूरहून आलेल्या पुढाऱ्यांच्या मनात माझे दीर हुते. कासीमभाई उठले. सगळ्यांना वाटलं, आता आपलं नाव सांगत्यात. त्यांनी माझं सांगितलं.

पुढारी म्हणाले, भाई, बाईमाणूस, अजून वरीस बी झालं न्हाय.

"दुःख कोपऱ्यात बसून कमी हुतंय, असं आपल्या पक्षाच्या कुठल्या पुस्तकात लिवलंय, तेवढं दाखवा," कासीमभाई म्हणाले. "मी खाली बसतो."

हात वर झाले. मी अध्यक्ष झाले. त्या सांजेला त्यांच्या घरनं तांब्याभर शेवयाची खीर आली. मी चाटून पुसून खाल्ली अन् वर साखर कमी हाय म्हणून सांगितलं.

ती खीर कसली हुती ते मला आत्ता कळलं. कासीमभाईंवरच्या ह्या गौरव अंकासाठी माहिती घ्यायला गेलते, तवा जैतूनभाभी बोलून गेल्या. सभेच्या सकाळी कासीमभाई त्यांना म्हणालेले, दूध जास्त घेऊन ठेव, आज चार माणसं चहाला येतील, मला अध्यक्ष करणार हायत. कुणी आलं न्हाय. दूध नासाय नको म्हणून खीर केली, अन् पयला तांब्या माझ्याकडं धाडायला त्यांनीच सांगितलं. मी तिथंच भाभींच्या उंबऱ्यावर बसले. मला त्या दिवशी कुणाची चेष्टा सुचली न्हाय.

आता दोन्ही गट परत एक व्हायला लागल्यात. शाखेची नवी निवड हाय. वरनं मला निरोप आलाय, तुम्हीच ऱ्हावा, कासीमभाईंना शाल-नारळ देऊ, वय झालंय त्यांचं. कासीमभाई, मी काय उत्तर दिलं ते इथं छापून सांगते, म्हंजे तुम्हाला न्हाय म्हणता यायचं न्हाय. मी माझं नाव काढून घेतलंय अन् तुमचं दिलंय. सूचक मी, अनुमोदक दोन्ही गटांचा एकेक माणूस. दिरांनी बी सही केलीय, जरा तोंड वाकडं करून.

तवा पयली मुदत पुरी करा. दुसऱ्या मुदतीला मी तुमच्या विरोधात उभी ऱ्हाणार, अन् तुम्ही मला हरवायचं. तिसऱ्या मुदतीला परत उभी ऱ्हाणार. मी काय लवकर दमणारी बाई न्हाय. तेवढ्या निवडणुकांना पुरंल एवढं आयुष्य, अन् गावभर प्रचाराला हिंडता येईल असे गुडघे तुम्हाला लाभोत. डोळ्यांचं मी काय मागत न्हाय. तुम्हाला अजून चष्म्याबिगर सुई ओवता येती, अन् मला येत न्हाय.