शंभरात सत्तर

आर्णीच्या बसस्टँडमागे विठ्ठलरावांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. तिथे धम्मरत्न मुनेश्वर सहा वर्षं बसला. जातीचा दाखला असो की पीकविमा, लोक म्हणायचे, धम्माभाऊच्या हातून जाऊ द्या, परत येत नाही. की-बोर्डकडे त्याची नजर कधी जातच नसे.

पगारात घर भागत नव्हतं, म्हणून रविवारी तो फवारणीच्या मजुरीला जायचा. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळीच्या धास्तीनं जो तो दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होता. एका रविवारी वारा फिरला आणि पंपाचा फवारा सरळ त्याच्या तोंडावर आला. त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि राहिलेलं वावर मारून टाकलं. संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या.

दवाखान्यात अकरा दिवस गेले. शेजारच्या खाटेवर डोमाजी नावाचा मजूर होता, त्याच विषाचा. पाचव्या दिवशी तो गेला. धम्मरत्नला तेव्हा दिसत काहीच नव्हतं. डोमाजीच्या बायकोचा, नंदाबाईचा आवाज मात्र ऐकू आला. ती रडत नव्हती. नर्सला विचारत होती, गाडी कुठून मिळंल.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेला, डावा आहे तसाच राहील. डाव्यानं रंग कळायचे, माणसाचा आकार कळायचा. अक्षर कळायचं नाही.

"दुकानातल्या भाऊले खरं सांगून टाका ना," त्याची बायको कोकिळा म्हणाली.

"सांगतलं तं उद्या दुसरा बसंल त्या खुर्चीवर."

विठ्ठलरावांना त्यानं 'जरा अंधुक दिसते' एवढंच सांगितलं आणि तो कामावर गेला. त्याला एका गोष्टीचा भरवसा होता. आदल्या वर्षी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून त्यानं एक छोटा प्रोग्राम बसवला होता. स्क्रीनवरच्या बटणाचं चित्र कापून त्याला द्यायचं. मग तो प्रोग्राम पूर्ण स्क्रीनवर ते चित्र शोधायचा आणि सापडलं की स्वतःच दाबायचा. तेव्हा वेळ वाचावा म्हणून केलेली ती गंमत होती. आता तेच त्याचे डोळे झाले. कोकिळा नववीपर्यंत शिकलेली. दुपारी डबा घेऊन यायची, तासभर बसायची, कोणत्या साइटवर कोणतं बटण आहे ते वाचून चित्रं कापून द्यायची. गिऱ्हाईक माहिती सांगे, हा टाइप करी, बटण प्रोग्राम शोधी. तीन महिने कुणाला काही कळलं नाही.

जानेवारीत दुकानात नवा मॉनिटर आला. त्यावर सगळं जरा मोठ्या आकारात उमटे, त्यामुळे बटण सापडेना आणि प्रोग्राम घडोघडी थांबू लागला. आधी चित्र शंभरात पंच्याण्णव जुळलं तरच तो बटण दाबायचा. सगळी चित्रं पुन्हा कापत बसण्यापेक्षा धम्मरत्ननं ते सत्तरवर आणलं. काम पुन्हा सुरळीत चाललं.

फवारणीत विषबाधा झालेल्यांच्या मदतीचे अर्ज त्याच दिवसांत निघाले होते. आसपासच्या गावांतले एकोणीस अर्ज त्यानं भरून ठेवले. साइट इतकी संथ होती, की फक्त ते पाठवायचं तेवढं राहिलं होतं. शेवटच्या तारखेला त्यानं प्रोग्राम लावला. कोकिळा त्या दिवशी कापूस वेचणीला गेली होती. 'अर्ज सादर करा' या हिरव्या बटणाचं चित्र प्रोग्रामकडे होतं. पण साइटवाल्यांनी पान बदललं होतं. ते बटण खाली, स्क्रीनच्या बाहेर सरकलं होतं आणि त्याच्या जागी, त्याच हिरव्या रंगात, दुसरं आलं होतं: 'अर्ज रद्द करा'. पहिला शब्द तोच, शेवटचा तोच. सत्तरला पुरेसं जुळलं. पुढे 'नक्की का?' असं विचारलं, तिथलं 'होय'ही दाबलं गेलं. धम्मरत्नला धुक्यातून एकामागे एक हिरवं हलताना दिसलं. एकोणीस मोजून तो घरी गेला आणि खूप दिवसांनी पोटभर जेवला.

नवव्या दिवशी नंदाबाई दुकानात आली. तहसीलमध्ये म्हणे तिचा अर्जच सापडत नव्हता. कोकिळा बसलेली होती. तिनं नंबर टाकला आणि वाचलं, "रद्द. अर्जदाराच्या विनंतीवरून." मग तिनं दुसरा नंबर टाकला. मग तिसरा.

विठ्ठलरावांनी धम्मरत्नला मागच्या खोलीत नेलं. "साइटची चूक हाय म्हणून सांग. लोकं मानतात."

"साइटनं नाई केलं, भाऊ. मले दिसत नाई."

"कवापासून?"

"दवाखान्यातून आलो तवापासून."

विठ्ठलरावांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

एकोणीसमध्ये एक त्याचा स्वतःचा अर्ज होता. बाकीच्या अठरा घरी तो कोकिळेचा हात धरून गेला. एका दारात शिव्या मिळाल्या, एकानं दारच उघडलं नाही. नंदाबाईच्या घरी सर्वांत शेवटी गेले. तिनं ओसरीवर बसवलं.

"तुमी आमच्या बाजूच्या खाटेवर होते ना?"

"व्हय."

"मंग तुमचा अर्ज तरी गेला का नीट?"

"नाई. तो बी त्यातच होता."

ती उठून आत गेली. त्याला वाटलं, आता जायला सांगणार. आतून तिचा आवाज आला, "चहात साखर कमी हाय, चालंल का?"

दीड वर्ष यवतमाळच्या चकरा झाल्या. सात अर्ज पुन्हा उघडले. नंदाबाईचा नाही, धम्मरत्नचाही नाही. ज्या कारकुनानं शेवटी फाइल बंद केली, त्यानं त्याच्यासमोर कागद धरून विचारलं होतं, इथे काय लिहिलंय ते वाचलं होतं का तुम्ही.

आता तो कोकिळेबरोबर वेचणीला जातो. तिच्या शेजारची ओळ धरतो, झाडावर हात फिरवत फुटलेलं बोंड शोधतो. काही मागे राहतात. कोकिळा ती मागून वेचून घेते, आणि त्याला सांगत नाही.